एका शस्त्रक्रियेचा जमाखर्च

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनी आपल्यापैकीच एखादीने आरोग्यावर चार शब्द बोलावेत, असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. यंदा चिटणीसबाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही वजन कसं उतरवलंत ते सांगा. सगळ्याजणींना ऐकायचं आहे." मी आठ दिवस मागून घेतले. एरवी मंडळाचे काम मी टाळत नाही, हे तुम्ही जाणता. पण या विषयामागे माझी एक लबाडी होती. ती कबूल केल्यावाचून बोलणे म्हणजे तीच लबाडी व्यासपीठावरून पुन्हा करणे झाले असते.

ती लबाडी अशी. २०१६ सालच्या दिवाळीनंतर मी महिनाभर मंडळात आले नव्हते. पित्ताशयातले खडे काढले, असे मी सर्वांना सांगितले. ते खरे नव्हते. पुण्याच्या एका इस्पितळात माझी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली होती. पुढे दीड वर्षात मी निम्मी दिसू लागले तेव्हा तुम्ही कौतुकाने विचारू लागलात. आणि मी मेथीचे पाणी, रात्रीचे लवकर जेवण व संध्याकाळचे फिरणे, अशी उत्तरे देत गेले. फिरायला मी जात होते, मेथीचे पाणीही मधूनमधून घेत होते. खोट्यात थोडे खरे मिसळले, की ते बोलणाऱ्यालाही पचते.

लपवले का, असे तुम्ही विचाराल. लाज वाटली म्हणून. "खाताना जिभेला आवर नाही आणि आता पोट कापून घेतलं," असे लोक म्हणतील, ही धास्ती होती. ते बोलणे मी दुसऱ्या एका बाईबद्दल एका लग्नघरात ऐकले होते, आणि खरे सांगायचे तर तेव्हा मीही मान डोलावली होती.

आता आधी माझी स्थिती सांगते. माझी उंची १५२ सेंटिमीटर आणि त्या वेळचे वजन १०४ किलो. डॉक्टर मंडळी किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागतात आणि त्या आकड्याला बी. एम. आय. म्हणतात. माझा आकडा ४५ होता. मधुमेह अकरा वर्षांचा. दिवसातून दोनदा इन्सुलिन. रात्री झोपेत श्वास अडकून मी दचकून उठत असे, म्हणून तोंडावर यंत्राची पट्टी बांधून निजावे लागे. देवघरात खाली बसले की उठायला कोणाचा तरी हात लागे. उपास, काढे, गव्हांकुराचा रस, तीन आहारतज्ज्ञ, सगळे करून झाले होते. दर वेळी आठ-दहा किलो उतरत आणि वर्षभरात बारा किलो परत येत.

हे का होते, ते मला शस्त्रक्रियेआधी एका डॉक्टरीणबाईंनी समजावले. वजन उतरू लागले की शरीराला वाटते दुष्काळ पडला. मग ते भूक वाढवते, खर्च कमी करते आणि गेलेले वजन परत मिळवण्यासाठी झटते. ज्यांचे वजन फार वाढलेले आहे, त्यांच्यातली बहुतेक माणसे म्हणूनच नुसत्या निश्चयाच्या बळावर वर्षानुवर्षे टिकू शकत नाहीत. हे ऐकून मी त्यांच्यासमोर रडले. इतकी वर्षे मी स्वतःला आळशी म्हणत आले होते.

या शस्त्रक्रियेचा उगमही ऐकण्याजोगा आहे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन नावाचे शल्यविशारद होते. अल्सरसाठी ज्या स्त्रियांच्या जठराचा भाग काढून टाकला होता, त्यांचे वजन पुढे वाढत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. त्यावरून त्यांनी १९६६ साली वजनासाठी म्हणून पहिली 'गॅस्ट्रिक बायपास' केली. आज हीच शस्त्रक्रिया बहुधा दुर्बिणीतून, पोटाला चार-पाच लहान छिद्रे पाडून करतात. जठराच्या वरच्या टोकाला एक छोटी पिशवी वेगळी करतात; तिच्यात जेमतेम पळीभर अन्न मावते. ती पिशवी लहान आतड्याला थोडे पुढे नेऊन जोडतात. दुसरा प्रकार 'स्लीव्ह'. त्यात जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग कापून काढतात आणि केळ्यासारखी नळी ठेवतात. माझी बायपास झाली.

पिशवी लहान झाली म्हणून माणूस कमी खातो, एवढेच मला वाटत होते. पण आतड्यातून रक्तात जाणारे जे निरोप असतात, भूक लागल्याचे आणि पोट भरल्याचे, तेही या शस्त्रक्रियेने बदलतात. म्हणून बऱ्याच मधुमेही रुग्णांची साखर वजन उतरण्याच्या आधीच, काही दिवसांत खाली येते. माझे इन्सुलिन घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात बंद झाले.

मैत्रिणींनो, आपण संसारी बायका. महिन्याअखेरी आपण वही उघडून जमा आणि खर्च मांडतो. तसाच हा हिशोब मी मांडणार आहे. एकच बाजू सांगणाऱ्या जाहिराती तुम्हाला रस्तोरस्ती दिसतातच.

प्रथम जमा. दीड वर्षात माझे वजन ६६ किलोवर आले. श्वासाचे यंत्र नवव्या महिन्यात डॉक्टरांनी पुन्हा तपासणी करून बंद केले. रक्तदाबाच्या दोन गोळ्यांची एक झाली. गौरी बसवताना मी स्वतः खाली बसले आणि स्वतः उठले. घरात कोणाच्या लक्षातही आले नाही, पण मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. एस. टी. त दोघींच्या बाकावर मला तिकिटापुरतीच जागा लागू लागली. ही सुखे लहान वाटतात; ज्यांना ती नसतात त्यांनाच त्यांचे मोल कळते.

आता खर्च. पहिले दोन आठवडे ताक, वरणाचे पाणी आणि मुगाचे कढण. तेही वाटीभर प्यायला अर्धा तास. मग घोटलेले अन्न, मग मऊ अन्न. आजही माझ्या ताटात आधी उसळ, पनीर किंवा अंडे. भात शेवटी, उरली जागा तर. जेवताना पाणी नाही. एक घास घाईने गिळला तर तो छातीत अडकून बसतो. चौथ्या महिन्यात केस मुठीने गळू लागले. ते पुढे पुष्कळसे परत आले. पहिल्या पाडव्याला मी हौसेने दोन चमचे श्रीखंड खाल्ले, आणि पंधरा मिनिटांत दरदरून घाम, छातीत धडधड, पोटात मुरडा. पाहुणे बाहेर, आणि मी आतल्या खोलीत आडवी. गोड पदार्थ आतड्यात एकदम उतरला की असे होते. डॉक्टर त्याला 'डम्पिंग' म्हणतात. आणि कातडी! वजन गेले, तरी दंडाची नि पोटाची कातडी लोंबतच राहिली. आरशातल्या बाईशी ओळख व्हायला मला दोन वर्षे लागली.

याहून मोठा खर्च औषधांचा, आणि तो जन्मभराचा. जठराचा बहुतेक भाग आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळल्यामुळे लोह, कॅल्शियम, 'ड' जीवनसत्त्व आणि बी-१२ पुरेसे शोषले जात नाहीत. त्यांच्या गोळ्या किंवा इंजेक्शने कायम घ्यावी लागतात आणि दरवर्षी रक्त तपासावे लागते. २०१९ साली आमच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या. त्यांच्या औषधांच्या वेळा मी कधी चुकवल्या नाहीत. माझ्या मात्र वर्षभर चुकवल्या. पायाला मुंग्या येऊ लागल्या, जिना चढताना दम लागू लागला, आणि हिमोग्लोबिन सातवर आले. दोष ना शस्त्रक्रियेचा, ना डॉक्टरांचा. तो माझा होता. सर्वांना वाढून झाल्यावर स्वतःला वाढायचे विसरण्याची आपली सवय या शस्त्रक्रियेला मुळीच चालत नाही.

आणखी काही गोष्टी तरुण मुलींच्या आयांनी ध्यानात ठेवाव्यात. वजन उतरले की पाळी नियमित होते आणि गर्भ राहण्याचा संभव वाढतो. परंतु पहिले वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी, असे डॉक्टर सांगतात, कारण त्या काळात आईचेच पोषण अपुरे असते. बायपासनंतर गुडघेदुखीच्या साध्या गोळ्याही विचारल्याशिवाय घेऊ नयेत. त्यातल्या पुष्कळ गोळ्यांनी जोडाच्या जागी व्रण होतो. सतत उलट्या होत असतील तर घरी बसू नये. बी-१ जीवनसत्त्व कमी पडून मेंदूला व नसांना इजा होऊ शकते. पित्ताचे खडे होतात. स्लीव्ह केलेल्यांना छातीतली जळजळ वाढू शकते. बायपासनंतर दारू फार लवकर चढते आणि तिचे व्यसन लागण्याचा धोका वाढतो, हे घरातल्या पुरुषांसाठी सांगते. आणि काहींचे मन खचते. वजन गेले तरी दुःख तिथेच राहिले, असे आढळले की माणूस पोरका होतो. तेव्हा मनाच्या डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा नाही.

आता माझ्या एकटीच्या अनुभवावर तुम्ही विसंबू नये म्हणून एका मोठ्या पाहणीचे आकडे आणले आहेत. स्वीडन देशात १९८७ साली ही पाहणी सुरू झाली. सुमारे दोन हजार स्थूल रुग्णांनी शस्त्रक्रिया करून घेतली, आणि तितक्याच तशाच रुग्णांवर नेहमीचे उपचार झाले. दोन्ही गटांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचे वजन पंधरा वर्षांत जवळजवळ होते तिथेच राहिले. ज्यांची बायपास झाली त्यांचे वजन पंधरा वर्षांनंतरही मूळच्यापेक्षा सरासरी २७ टक्क्यांनी कमी होते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात शस्त्रक्रियेच्या गटात मृत्यूचा धोका, वय वगैरे बाबी लक्षात घेता, २९ टक्क्यांनी कमी आढळला.

पण त्याच पाहणीची दुसरी बाजूही ऐका. ज्यांना आधीपासून मधुमेह होता, त्यांच्यातल्या ७२ टक्के लोकांचा तो शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी नाहीसा झालेला दिसला. पंधरा वर्षांनी मात्र हा आकडा ३० टक्क्यांवर आला. नेहमीच्या उपचारांत तो साडेसहा टक्के होता, म्हणजे लाभ खराच; पण कायमचा सर्वांना नाही. २०२० साली त्यांनी आयुर्मानाचा हिशोब मांडला. शस्त्रक्रिया झालेले लोक, न झालेल्यांपेक्षा सुमारे तीन वर्षे अधिक जगले. तरीही सर्वसाधारण लोकांपेक्षा साडेपाच वर्षे कमी. शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांच्या आत दगावलेलेही होते, हजारी दोन-तीन. शिवाय या पाहणीत रुग्णांची वाटणी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती, ज्याने त्याने आपला मार्ग निवडला होता. आणि त्या काळी बहुतेकांवर आता फारशा न होणाऱ्या पद्धतीच्या शस्त्रक्रिया झाल्या होत्या. म्हणून हे आकडे आपल्या घराला जसेच्या तसे लावू नयेत. त्यातून दिशा मात्र कळते.

माझेही तसेच झाले. ६६ किलोंवरून मी हळूहळू ७४ वर आले. सहाव्या वर्षी मधुमेहाची एक गोळी पुन्हा सुरू झाली. त्या दिवशी मला वाटले, सगळे वाया गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचे तीस किलो अजून गेलेलेच आहेत. इन्सुलिन सहा वर्षं बंद आहे. ही सहा वर्षं तुमच्या डोळ्यांना आणि मूत्रपिंडांना मिळाली." तेव्हापासून मी हिशोब असा मांडू लागले.

आता सर्वांत जड भाग. आपल्या मंडळातल्या एक वहिनी समोर बसल्या आहेत. त्यांचे नाव मी घेणार नाही, पण हे सांगण्याची परवानगी त्यांनीच दिली आहे. त्या माझ्याइतक्याच जाड होत्या आणि त्यांनाही मधुमेह. माझे पाहून त्यांनी वर्षभर मेथीचे पाणी घेतले, रोज तासभर चालल्या, रात्री नुसते ताक पिऊन राहिल्या. तीन किलो उतरले आणि पुन्हा आले. एका संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, माझ्यातच जिद्द नाही. तुम्हाला जमलं, मला नाही जमत." त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. माझ्या हातात तिळगूळ होता, तोंडात गोड बोलायचे शब्द होते, आणि खरे बोलायचे धैर्य नव्हते. मी म्हणाले, "जमेल हो, नेटाने करा."

त्यानंतर त्यांनी औषधपाण्याकडेच पाठ फिरवली. कशाचाच उपयोग नाही, असे त्यांनी मनाशी घेतले. दोन वर्षांनी पायाला झालेली जखम चिघळली आणि अंगठा काढावा लागला. मी इस्पितळात भेटायला गेले. खाटेजवळ बसून मी त्यांना सगळे सांगितले. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग एवढेच म्हणाल्या, "तुम्ही मला उपाय नसता सांगितला तरी चाललं असतं, ताई. पण मी आळशी नाही, एवढं तरी सांगायचं होतंत."

मी शस्त्रक्रियेचे सांगितले असते तर त्यांचा अंगठा वाचला असता, असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. त्यांना ती करता आली असती की नाही, हेही डॉक्टरांनीच ठरवायचे होते. पण त्यांचे खचणे थांबवणे माझ्या हातात होते, आणि ते मी केले नाही. माझ्या वहीतली खर्चाची ही रक्कम कोणत्याही गोळीने भरून येणारी नाही.

म्हणून आता काही व्यवहाराच्या गोष्टी. ही शस्त्रक्रिया दिसण्यासाठी नाही. पूर्वी, १९९१ पासून, बी. एम. आय. ४० असला, किंवा ३५ असून मधुमेहासारखे आजार असले, तर ती सुचवत. २०२२ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी या मर्यादा खाली आणल्या, आणि आपण आशियाई लोक कमी वजनावरच मधुमेहाला बळी पडतो म्हणून आपल्यासाठी त्याहूनही खाली. तुम्ही कुठे बसता, ते आकड्यावरून स्वतः ठरवू नका. डॉक्टरांना चार प्रश्न विचारा: माझ्यासाठी कोणता प्रकार आणि का, तुम्ही अशा किती केल्या आहेत, पाच वर्षांनंतर मला कोण तपासणार, आणि गोळ्यांचा महिन्याचा खर्च किती. विमा असेल तर आधी लेखी विचारा; पुष्कळ पॉलिसींत काही अटींवर हा खर्च मिळतो. जिथे आहारतज्ज्ञ आणि मनाचे डॉक्टर भेटल्यावाचून तारीख देतात, तिथून उठून यावे.

आता इंजेक्शने आली आहेत. सेमाग्लुटाइड, टर्झेपाटाइड ही नावे तुमच्या कानावर आली असतील. वजनासाठी म्हणून ती २०२५ पासून आपल्याकडेही मिळू लागली. मोठ्या चाचण्यांत पहिल्याने सरासरी १५ टक्के आणि दुसऱ्याच्या मोठ्या मात्रेने सुमारे २० टक्के वजन उतरले. पण सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्याचे दोन-तृतीयांश वजन परत आले. म्हणजे इथेही कायमचे नाते आहे. सुरीचे असो वा सुईचे, शरीर आपला हट्ट सोडत नाही. आपण त्याच्याशी जन्मभर बोलत राहायचे.

आपल्या वहिनी सध्या हाच विचार करीत आहेत. डॉक्टरांशी दोन भेटी झाल्या. दोन्ही वेळा त्यांनी मला बरोबर नेले. निर्णय त्यांचा आहे आणि त्या तो सवडीने घेतील. मंडळाला माझी एक विनंती आहे. गुरुवारी दुपारी मंडळाची खोली रिकामी असते. ज्यांना वजनाचा, मधुमेहाचा त्रास आहे त्यांनी तिथे यावे. वजनकाटा ठेवणार नाही आणि काढाही सांगणार नाही. कोणाला इस्पितळात सोबत हवी असेल तर मी जाईन. कागदपत्रे वाचून हवी असतील तर वाचीन.

आणि एक मागणे. आपल्यातली एखादी बाई जाड असली तर तिला उपाय सांगण्याआधी ती काय काय करून दमली आहे ते विचारा. एखादी बारीक झाली तर तिचे गुपित काढून घेऊ नका. पण तिने आपणहून सांगितले तर तिला हसूही नका. मी नऊ वर्षे भ्यायले ती त्या हसण्यालाच.

फराळाची वेळ झाली आहे. माझ्या बशीत आज अर्धाच लाडू वाढा, आणि तो का अर्धा, हे आता कोणाला सांगायची गरज उरलेली नाही.